नारूचं माहेर

मु. आसरवाडी, ता. आष्टी, जि. बीड
१२ एप्रिल १९८६

चि. सौ. भामा हिला आण्णाचा आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्यांचं कार्ड आलं. सूनबाईला सातवा लागतोय, पहिलं बाळंतपण माहेरचं, मे अखेरीला आणून सोडतो, असं लिवलंय. खाली कोपऱ्यात तुझ्या हातचं एकच वाक्य हाय, 'मला यायचंय.' ते मी इतक्यांदा वाचलं की तुझी आत्या म्हणली, "कार्डाला भोक पाडतोस का रे आता?"

दहावीची परीक्षा तोंडावर असताना तुझं लगीन उरकलं म्हणून तू रुसलीस. दोन दिवाळ्या गेल्या, दोन नागपंचम्या गेल्या, तू उंबरा ओलांडला न्हाईस. आत्यानं दर खेपेला करंज्या केल्या अन् दर खेपेला गल्लीतल्या पोरांनी खाल्ल्या. आता तू आपण होऊन यायचं म्हणतीस, तर मी नाचायला पाहिजे.

पण भामा, यंदा येऊ नकोस. पाऊस दोन सालं धड न्हाई, पाण्याचा वांधा हाय. ऊन तर विचारूच नको. घरावरचा पत्रा वावटळीनं उचकटलाय. आत्याचे गुडघे बी दुखतात, तिच्याच्यानं बाळंतपण निभायचं न्हाई. दिंद्रुडला दवाखाना जवळ हाय, दुकानं हायत, तिथंच बाळंत हो. मी बारशाला येतो.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. राग धरू नको.

तुझा आण्णा


२६ एप्रिल १९८६

भामा,

तुझं पत्र मिळालं. काय गं ते लिवणं! 'तुमाला मी तवाबी नको होते, आताबी नको. पत्र्याची अन् गुडघ्याची कारणं सांगू नका, सरळ लिवा.' वाचून तुझी आत्या माझ्यावर अशी खवळली की दुपारची भाकरी तिनं ताटात वाढली न्हाई, आपटली. तिचं म्हणणं, लेकीला माहेर नाकारणारा बाप तिनं जन्मात बघितला न्हाई अन् तिचे गुडघे ठणठणीत हायत.

तर सरळ लिवतो. मागल्या पत्रात लिवलं न्हाई कारण तुझी पत्रं सासरी मोठ्यानं वाचतात हे मला ठावं हाय. हे पत्र एकटी वाच अन् चुलीत घाल. न्हाईतर जन्मभर तुला 'नारूच्या गावची' म्हणून टोमणे ऐकावे लागतील.

गावात नारू लई निघालाय. घरटी एक माणूस पाय धरून बसलंय. तुझ्या लहानपणी बी होता, न्हाई असं न्हाई, पण असा नव्हता. वरचे आड आटले, तळ्यात भेगा पडल्या, आता सगळा गाव त्या एका बारवेवर आलाय. पाणी पार खाली गेलंय. बायका सगळ्या पायऱ्या उतरून, शेवटच्या पायरीवर उभं राहून, पाण्यात पाय ठेवूनच घागर बुडवतात. दुसरा इलाज न्हाई.

आष्टीहून नारू हटवायच्या कामावरचा एक सरकारी माणूस येतो, मोहनराव त्याचं नाव. पोरगेलासा हाय पण बोलायला बरा. दूध सोसायटीच्या शेडमधी त्याची बसायची सोय मी केली, सेक्रेटरी म्हणून तेवढं तरी करता येतं. त्यानं बारवेचं पाणी काचेच्या बाटलीत उन्हाला धरलं, वरून भिंग दिलं, अन् मला म्हणला, बघा. पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. पाण्यातली पिसू म्हणतात त्याला. नारूची पोरं त्या पिसवांच्या पोटात असतात, पिसू पाण्याबरोबर आपल्या पोटात. तिथून वर्षभर आत वाढत वाढत हातभर दोरा होतो अन् पायाला फोड आणून भाईर येतो.

मी त्याला इचारलं, "आमचे ऊसतोडीचे लोक सहा महिने कारखान्यावर होते. पाटाच्या पाण्यात गुडघाभर उभे राहिले, तवा कावून न्हाई निघाला? गावात आले, बैलं सोडली, अन् आठ दिसात पायाला फोड. त्याला काय यष्टीचा टाइम कळतो का?"

तो हासला न्हाई. म्हणला, "त्याला वर्ष कळतं. मागल्या उन्हाळ्यात तुमी तळाचं पाणी प्यालात, तर तो या उन्हाळ्यात पाणी तळाला असतानाच निघणार. ज्या नारूचा वक्त चुकला, पावसाळ्यात निघाला, त्याची पोरं भरल्या पाण्यात पांगून मेली. ज्याचा जमला त्याची उरली. वाडवडलांच्या आधीपासून असंच चालत आलंय. तुमी पायऱ्या उतरत गेलात अन् तो तुमच्या उतरण्याला धरून घडत गेला."

"अन् पायच का धरतो? हात हाय, पाठ हाय."

"पाठीवर निघून काय करील? त्याला पाण्यात जायचंय अन् त्याला स्वतःला चालता येत न्हाई. म्हणून तो तुमचे पाय वापरतो. अशी आग करतो की माणूस आपण होऊन पाय पाण्यात घालतो. घातला की तेवढ्यात दुधासारखं पांढरं सोडतो. तीच त्याची पोरं." मग म्हणला, "खरं तर तो न्हाई, ती हाय. मादी. नर आतच मरतो. ती पाण्यावर येते ती बाळंतपणाला."

भामा, माझ्या हातात तुझ्या सासऱ्यांचं कार्ड होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं. मी उठून शेडच्या भाईर जाऊन उभा राहिलो.

पोटात गेलेल्या नारूला औषध न्हाई. एक सुई न्हाई, एक गोळी न्हाई. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून पिणं अन् पायऱ्या बुजवून वरून पोहऱ्यानं शेंदणं, एवढंच हाय. म्हणून येऊ नको म्हणतो. तू नको म्हणून न्हाई.

आण्णा


५ मे १९८६

चि. सौ. भामास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तू म्हणतीस, 'गाळून पिऊ, त्यात काय एवढं. आत्याला सांगा गाळायला.' तुझ्या आत्याला! बायनाबाईला! तू तिला इसरलीस वाटतं.

काय झालं ते ऐक. सोसायटीच्या मीटिंगीत मी विषय काढला. बारवेच्या पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा. सोसायटीच्या इमारतीसाठी विटा अन् सिमिट येऊन पडलंय, इमारत पुढल्या साली बांधू. दूध असं किती येतंय सध्या? दोन कॅन जात होते तिथं अर्धा जातो, त्यातबी म्हशीला पाजलेलं पाणीच जास्ती. चेरमन सुंदरराव म्हणले, "राधाकिशन, बात तुझी शंभर टक्के खरी हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव लिवायला मी पेन उघडलं.

तेवढ्यात शेडच्या दारात तुझी आत्या. मागं दहा-पंधरा बाया. बाया कधी सोसायटीत येत न्हाईत, सगळे गडी उठून उभे राहिले. ती म्हणली, "पायऱ्या बुजवल्यावर आसरा कुठून वर येतील?"

आपल्या बारवेत साती आसरा हायत हे तुला मी सांगायला नको. तूच लहानपणी पाण्यातल्या त्या सात देव्यांना हिरव्या बांगड्या वाहायला जायचीस. मी चिडून म्हणलो, "रहाट बसवतोय की. दोराला धरून येतील वर." म्हणायला नको होतं. बायांनी कानावर हात ठेवले. चेरमनचा चेहरा पांढरा पडला. पेन मी परत खिशात ठेवलं.

भामा, आपल्याकडं नारू झाला की काय करतात, आठव. भर दुपारी बारवेत उतरायचं, शेवटच्या पायरीवर बसायचं, हळदीकुंकू वाहायचं अन् दुखरा पाय पाण्यात सोडून म्हणायचं, 'आई, तुझं तू घे.' म्हणलं की आग थांबती. खरंच थांबती, मी लहानपणी केलंय. म्हणून तर देवीवर सगळ्यांचा भरवसा. हेच मी मोहनरावला सांगितलं, त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणला, "आण्णा, नारूला जे पाहिजे तेच तुमी नवस म्हणून करता." मी म्हणलो, "आमी करत न्हाई बाबा, आमच्या आज्याच्या आज्यानं आगीपायी पाय पाण्यात घातला असंल, बरं वाटलं असंल, त्यानं तिथं शेंदूर लावला." तो आमच्या सवयीवर घडला अन् आमी त्याच्या सवयीवर देव बसवला. आता कोण कुणाला सोडवणार?

अन् गाळायचं म्हणशील, तर आसरांचं पाणी गाळत न्हाईत. आत्या म्हणती, "परसाद काय चाळणीतून खातोस का?" ती कपटी न्हाई गं. पोटच्या पोरीगत तुला वाढवलं तिनं. तिला तुझं वाईट व्हावं असं वाटंल का? तिला वाटतं मीच तुझ्या बाळावर आसरांचा कोप ओढवून घेतोय. तिच्या डोळ्यात मीच दुश्मन.

सोसायटीच्या शेडमागं बोअर हाय. सोसायटी सगळ्यांची अन् किल्ली चेरमनच्या करगोट्याला, पण माणूस वाईट न्हाई. मी हात जोडले. म्हणले, "तुझी लेक ती माझी लेक. रोज दोन घागरी घेऊन जा." म्हणून आता लिवतो, ये. बोअरच्या पाण्यात नारू नसतो. मी स्वतः भरीन, स्वतः झाकीन, आत्याला हात लावू देणार न्हाई. ये, भामा.

आण्णा


२३ मे १९८६

भामा,

हे पत्र मिळताच सासऱ्यांना थांबव. येऊ नकोस. काय वाटंल ते कारण सांग, मी दारू पितो म्हण, घरात भांडणं हायत म्हण.

बोअर बसला. रोज दोन घागरी म्हणता म्हणता एका सकाळी नुसती खडखड झाली, लाल चिखल आला, मग वारा. चेरमननं पान्हा घेऊन स्वतः दांडा उचकटून बघितला. तो तरी काय करणार, भुईतच न्हाई. मोहनरावनं बारवेतल्या पिसवा मारायचं औषध आणायचं कबूल केलतं, ते अजून त्याच्याच हाती पडलं न्हाई म्हणतो.

अन् दुसरं. हे लिवायला हात उचलत नव्हता म्हणून इतके दिवस गेले.

महिन्याच्या सुरवातीला माझ्या डाव्या घोट्याला खाज सुटली. मी वळखलं, पण कुणाला बोललो न्हाई. गावभर सांगत हिंडणारा मी, माझ्याच पायात! मग फोड आला. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण रागाला म्हणतो, ती खरोखर काय असती ते मला नव्यानं कळलं. निखाऱ्यावर पाय ठेवून कुणीतरी वरून दाबून धरल्यागत. झोप न्हाई, जेवण न्हाई. मनाशी म्हणायचो, राधाकिशन, तुला सगळं ठावं हाय. मोहनरावनं बाटलीत दाखवलंय. तू पाण्याकडं जाणार न्हाईस.

त्या दिवशी शेडमधी कॅन मोजत बसलो होतो. दुपार होती. मग मला एकदम गार वाटलं. एवढं गार की डोळ्यात पाणी आलं. बघतो तर मी बारवेत शेवटच्या पायरीवर बसलेलो अन् पाय घोट्याच्या वर पाण्यात. शेडपासून बारव एवढी लांब, मधी मारुतीचा पार, पिठाची चक्की. मी कुणाला राम राम घातला, कोणत्या वाटेनं गेलो, काही म्हंजे काही ध्यानात न्हाई. तोंडानं मी 'तुझं तू घे' बी म्हणलो असणार, कारण वरच्या पायरीवर बसलेली एक म्हातारी मला म्हणली, "आली ना अक्कल?"

मी पाय भाईर ओढला तवा घोट्यापासून पाण्यात पांढरी रेघ पसरलेली होती. मी हातानं ती गोळा करायला लागलो, भामा. ओंजळीनं पाणी उपसून पायरीवर टाकत होतो अन् ते परत खाली वघळून बारवेतच जात होतं. म्हातारी हासत होती. मला रडू आलं, लपवत न्हाई.

पाय माझा हाय म्हणून मी साठ वर्षं मिरवलो. पाय माझा नव्हता.

आता येऊ नकोस. हात जोडतो.

आण्णा


१४ सप्टेंबर १९८६

चि. सौ. भामा अन् नातीला आण्णाचे लई लई आशीर्वाद.

तुमी सुखरूप पोचल्याचं जावयानं, रामकिसननं कळवलं. मे महिन्यात मी टाकलेलं पत्र तुझ्या सासरी तुझी वाट बघत पडलं असणार. तू निघालीस तवा ते वाटेत होतं. आता तू ते वाचलं असशील. म्हणून तर यावेळच्या कार्डावर तुझी एक वळ न्हाई.

तू यष्टीतून उतरलीस तवा मी घरात बाजेवर होतो. नारूचा दोरा वीतभर भाईर आलेला, काडीला गुंडाळलेला, पाय भोपळ्याएवढा सुजलेला. भाईर आत्याचा आवाज आला, "आली गं माझी बाय!" मग तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, सगळं मला ऐकू येत होतं. माहेरी आलेल्या गरवार लेकीला उंबऱ्यातच आसरांच्या पाण्याचा तांब्या देतात. मी बाजेवरून ओरडलो, "गाळा! आधी गाळा!" उठायला गेलो तर काडी बाजेत अडकली अन् मी खाली पडलो. दारापत्तोर सरपटत आलो तवा तू तांब्या खाली ठेवत होतीस, हनुवटीवरून पाणी निथळत होतं. तू माझ्याकडं बघून हासलीस. दोन वर्षांनी तू माझ्याकडं बघून हासलीस, भामा. म्हणलीस, "आण्णा, लई तहान लागलती."

मग मी काय सांगणार होतो तुला?

त्यानंतर मी एक थेंब बी न गाळता तुझ्या तोंडाशी जाऊ दिला न्हाई. आत्याशी भांडलो, माठावर धोतराचं दुहेरी फडकं बांधलं, बाजेवरून पहारा केला. तू आत्याला म्हणायचीस, "आण्णाला म्हातारपणी फडक्याचं येड लागलंय." दोघी हासायच्या. अंगणात तू पोरीला मांडीवर घेऊन न्हाऊ घालायचीस अन् मला जुन्या गोष्टी सांगायला लावायचीस. एवढं चांगलं चाललेलं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. सांगून तरी काय? पोटात गेलेल्याला औषध न्हाई. सांगितलं असतं तर तेवढे तीन महिने बी तुला हासू आलं नसतं.

कदाचित त्या तांब्यात काही नसंल. सगळ्याच पिसवांच्या पोटात नसतं, असं मोहनराव म्हणतो. असलं तर ते माझ्या पायातलं का दुसऱ्या कुणाच्या, ते बी कुणी सांगू शकत न्हाई. पण मला रोज वाटतं ते माझंच.

आता काय करायचं तर वाट बघायची. तू बघ, मी बी बघतो.

राग आला असंल तर शिव्या घालायला का होईना, लिव.

आण्णा


१८ जानेवारी १९८७

भामा,

संक्रांतीचा तिळगूळ आत्यानं पंडितच्या हातानं पाठवलाय. पंडित, आपल्या सोसायटीच्या दुधाच्या गाडीवरचा. तो आला की पोरगी कशी हाय ते त्याला नीट बघून यायला सांगितलंय. तू तर काही लिवतच न्हाईस.

एक खबर सांगायची होती. बारवेच्या पायऱ्या बुजवल्या. सोसायटीच्याच विटा लागल्या. कसं झालं ते इचारशील तर, आत्यानं हो म्हणलं. पावसाळ्यात मी तिला सगळं सांगितलं, तुझ्या तांब्याचं. आधी तिनं मला पाठीत बुक्की मारली, खोटं बोलतोस म्हणून. मग आठ दिवस बोलली न्हाई. मग एक दिवस सगळ्या बाया घेऊन बारवेवर गेली, साती आसरांची ओटी भरली अन् त्यांचे शेंदराचे दगड पदरात घेऊन वर आणले. लिंबाखाली मांडले. म्हणली, "बायांनो, आता हितंच राहा, खाली उतरू नका."

मी गेल्या साली एवढा घसा फोडला, तवा हे सुचलं न्हाई मला. सोपं होतं. देव वर आणायचे. आता सुचून काय उपेग? पुढल्या सालापासून गावाला नारू निघणार न्हाई म्हणतात. यंदाचा मात्र ज्याच्या त्याच्या पोटात आधीच बसलाय.

तुला खाज आली तर लगेच कळव.

आण्णा


२९ एप्रिल १९८७

भामा, माझे बाय,

तुझं कार्ड आज पोस्टमननं बाजेवर आणून दिलं. 'आण्णा, पायाला फोड आलाय. अंगाची लाही होतीय. मळ्यातल्या विहिरीवर जावंसं वाटतंय. तुमी या, लवकर या.' जवळजवळ वर्षानं तुझं अक्षर बघितलं. मी केव्हापासून ते उरावर ठेवून पडलोय.

मला येता येत न्हाई. यंदा माझ्या गुडघ्याला निघालाय अन् दुसरा उजव्या पायाला. टेकता बी येत न्हाई. गाडीत घाला म्हणलं चेरमनला, तर दोघा-तिघांनी उचललं अन् मी वाटेतच बेशुद्ध पडलो, परत आणून टाकलं. आत्या निघायचं म्हणत होती, पण तिच्या बी घोट्याला आलाय. तांब्या भरून देण्याआधी तिनं स्वतः त्यातलं पाणी चाखलं होतं, गार हाय का बघायला. म्हणून हे पत्र पंडितच्या हाती देतो. तो मिळंल त्या गाडीनं दिंद्रुडला येऊन तुझ्याच हातात देईल. पंडितला म्हणलं, वाटेत चहाला बी उतरू नको.

आता नीट वाच. न्हाई, तुझ्याच्यानं वाचवणार न्हाई. रामकिसनला मोठ्यानं वाचायला सांग अन् घरातल्या सगळ्यांना ऐकू दे. लाजायचे दिवस गेले.

जावईबापू, तुमच्या मळ्यातल्या विहिरीला पायऱ्या हायत, लग्नात मी बघितल्यात. अजून तुमच्या गावात नारू न्हाई. भामेचा पाय त्या पाण्याला लागला तर पुढल्या उन्हाळ्यात तुमच्या वस्तीवरच्या घराघरात निघंल अन् पहिल्यांदा निघंल तुमच्या रांगत्या पोरीच्या पायाला. घंगाळात बी पाय बुडवू देऊ नका, ते पाणी कुणी न कुणी आडोशाला ओततं अन् वघळत विहिरीला जातं. ओलं फडकं पायावर ठेवा, वाळलं की बदला, फडकी जाळून टाका. दोरा दिसला की काडीला गुंडाळा, रोज थोडा थोडा, ताणायचा न्हाई. तुटला तर पाय सडतो. दवाखान्यात टिटॅनसची सुई देतात, ती आजच द्या.

अन् दुपारचं सांभाळा. आग दुपारी वाढती. माझ्यासारख्या सगळं ठावं असलेल्या माणसाला कळलं न्हाई तो कधी उठला अन् कधी गेला. म्हणून यंदा मी आत्याकडून दोन्ही पाय बाजेला बांधून घेतलेत. तुमी बी तसंच करा. मऊ धोतराच्या पट्टीनं बांधा, सुतळीनं काचतं. पोरीला अंगावर पाजायला तिच्या कुशीत द्या, पण पट्टी सोडू नका.

भामा, तू ओरडशील. तू त्यांना शिव्या देशील, मला देशील, पोरीची आण घालशील, म्हणशील एकदाच, एवढ्या एकाच वेळी, नुसता अंगठा बुडवते. तुला वाटंल तुलाच जायचंय. तुला न्हाई जायचं, बाय माझी. त्याला जायचंय. तू ओरडत राहा, मी इथं बाजेवर हाय, मी बी ओरडतोय.

जावईबापू, ती कितीबी रडली तरी सोडू नका.

उठता न येणारा,
तिचा आण्णा